मुकादमचे कान

९ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा लाइन नेहमीसारखी खरखरत होती. तू काहीतरी विचारलंस आणि मी "हो हो, हो हो" म्हणून ठेवून दिला. काय विचारलंस? लग्नबिग्न ठरवलं असशील तर कळव, माझ्या बुटांचे तळ झिजलेत. नाहीतर पत्रच लिहीत जा बाई. पत्र खरखरत नाही.

मुकादम बरा आहे. म्हणजे दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या बोक्याने जितकं बरं असावं तितका. आमची सकाळची पाळी अजून चुकलेली नाही. सलाईनची बाटली कोमट पाण्यात ठेवतो, मग खिडकीशी उजेडात धरून बघतो. डॉक्टर म्हणतो, "काका, त्यात बघायचं काही नसतं." त्याला काय कळणार! जन्म गेला माझा काचेच्या कारखान्यात, बाटल्या उजेडात धरून तडा शोधण्यात. बाटली हातात आली की हात आपोआप वर जातो.

मग ती कोटाच्या खुंटीला टांगतो. मुकादम स्वतःहून इस्त्रीच्या टेबलावर चढतो. आता मीच चढवतो, पण आव त्याचाच. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई सरकवायची. तो भिंतीकडे बघत बसतो, कचेरीत नंबर लागायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. पाणी आत गेलं की पाठीवर उंटासारखं टेंगूळ येतं. दुपारपर्यंत ते ओघळून पुढच्या पायात उतरतं आणि स्वारी बगलेत चोरीचा माल असल्यासारखी चालते.

बाटली खुणेपर्यंत उतरली की मी पंजा वर करतो. कारखान्यात ती आमची खूण होती: लाइन बंद. त्या धडधडाटात कोण कोणाचं ऐकणार, सगळा कारभार हातांनी नाहीतर ओठ वाचून. मुकादमला ही खूण कोणी शिकवली नाही. पंजा वर दिसला की तो उठतो, अंग झटकतो, चालू पडतो. सुई निघाली की नाही ते बघायचं काम त्याचं नाही, म्हणून मी आधी सुई काढतो आणि मग हात वर करतो. मुकादम नाव उगाच नाही ठेवलं.

तू जेवतेस ना वेळेवर?

बाबा


१७ जानेवारी

बाबा,

लग्न नाही. मी विचारलं होतं, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला येता का. आणि तुम्ही "हो हो, हो हो" म्हणालात! मी वेड्यासारखी अर्धी खोली आवरून बसले. खिडकीत मुकादमसाठी खोका ठेवला, त्यात माझा जुना स्वेटर. आता त्यात मीच बसते. सगळ्या जगाशी माझा फोन नीट बोलतो, तुमच्याच घरी का खरखरतो?

नवं नाटक बसतंय. मी मागच्या काचेच्या खोपटात, अंधारात, दिव्यांची बटणं घेऊन. शेवटी म्हातारा मरतो तेव्हा मला त्याच्यावरचा दिवा उतरवायचाय. दिग्दर्शक खालून बोंबलतो, "अजून हळू! मरतोय तो, झोपायला नाही चाललाय!" मी उतरवते, तो पुन्हा बोंबलतो. म्हातारा बिचारा सकाळपासून मरतोय.

एक मात्र आहे. तुमचे कान. मागच्या खेपेला आले होते तेव्हा बेल वाजली, मी "बाबा, दार" म्हणेपर्यंत तुम्ही खुर्चीतून उठलेले. माझे कान या वयात स्पीकरांनी खाल्ले, आणि तुमचे कारखान्यातून निघूनसुद्धा तिखट. त्यामुळे तुम्ही एकटे आहात याची मला तितकी काळजी वाटत नाही. वाटते. पण तितकी नाही.

मुकादमच्या टेंगळाला नमस्कार.

ठमी


३ फेब्रुवारी

ठमे,

आम्ही येत नाही. मुकादमला प्रवास झेपायचा नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्याने लक्ष तरी कोणावर ठेवायचं? स्वेटरात तूच बस.

हल्ली इकडे कोणी फिरकतच नाही. पोस्टमन परवा चिठ्ठी टाकून गेला, 'घरी कोणी नव्हते'. नव्हते म्हणजे? आम्ही दोघं खुर्चीत बसून होतो! लोकांना आता बेल दाबायचेसुद्धा कष्ट नकोत. वरची शिवणवाली काल जिन्यात भेटली. म्हणते, "काका, दोनदा येऊन गेले, तुम्ही दार उघडलं नाही, रुसलात का?" मी म्हटलं, "तू आलीस कधी?" म्हणते, "बघा, रुसलेतच." तिच्या तोंडात सारख्या टाचण्या, ओठ हलवते कुठे नि शब्द कुठे. जाऊ दे.

मुकादमचं खाणं कमी झालंय. उकडलेला मासा पुढे ठेवला की वास घेतो, माझ्याकडे बघतो, आणि जातो. 'छान झालाय, तुम्ही खा,' असं. मीच खातो मग. पाठीचा कणा हाताला लागतो, मणी मणी.

पण मनाने फार शांत झालाय. परवा माझ्या हातून मोठं पातेलं पडलं, अगदी त्याच्या शेपटीजवळ. पूर्वी थेट कपाटावर गेला असता. आता कानसुद्धा हलवला नाही. झाकण फरशीवर गोल गोल फिरतंय आणि हा डोळे मिटून. साधू झालाय, साधू.

बाबा


१० फेब्रुवारी

बाबा,

तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांना फोन केला. रागवा.

ते म्हणाले, सलाईनने आता दिवस ढकलले जातायत, बाकी काही होत नाहीये. रक्तात विष साठतंय. मळमळ होत असणार, तोंडात व्रण असतील, म्हणून मासा नको. मग आवाज खाली आणून म्हणाले की एक इंजेक्शन असतं. आधी गाढ झोपेचं, मग दुसरं. घरी येऊन देतो, म्हणाले. आणि वाट बघत बसलो तर शेवट सोपा नसतो, हेही म्हणाले. झटके येतात.

मी "बाबांना विचारते" म्हटलं आणि खोपटात जाऊन बसले. सगळे दिवे विझवून. खालून कोणीतरी विचारलं, "लाइट गेले का?" मी म्हटलं, "हो."

ठरवायचं तुम्ही. मी एक अक्षर बोलणार नाही. बोलतेय तरी: त्याला दुखू नये, बाबा. इतकं सगळं त्याने मुकाट सोसलंय, शेवटचं तरी दुखू नये.

ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

रागावलो नाही.

कारखान्यात लाइन बंद करायचा अधिकार सगळ्यांना होता. कोणीही पंजा वर करावा, लाइन थांबणार. पण करायचं कोणी नाही. आपण हात वर केला की सगळे मान वळवून बघणार. मी पण बघत बसायचो, दुसरा कोणी करतोय का.

इथे दुसरा कोणी नाही.

काल त्याने पाण्याच्या वाटीत तोंड घातलं आणि तसाच राहिला. हनुवटी पाण्यात. कशाला आलो होतो ते विसरला. मी उचलून पुसलं, तर माझ्या अंगठ्याला डोकं घासलं. एवढं त्याच्या लक्षात होतं.

सांग डॉक्टरला यायला. तूच फोन कर, माझी लाइन खरखरते. दवाखान्यात नको, तिथे कुत्री असतात. इस्त्रीच्या टेबलावर नको, तिथे त्याला सुईच आठवेल. खुर्चीत, माझ्या मांडीवर.

बाबा


२३ फेब्रुवारी

बाबा,

गुरुवारी, दुपारी, जेवणं आटोपल्यावर. डॉक्टर स्वतः येतील. तुम्हाला काही करायचं नाही. त्याला मांडीवर घेऊन बसा, ते बेल वाजवतील, तुम्ही दार उघडा. बस. मी त्यांना सांगितलंय, बाबांना हाक मारायचीही गरज नाही, बेलवर बोट ठेवेपर्यंत ते दारात असतात.

मी येऊ शकत नाहीये. शुक्रवारी पहिला प्रयोग, गुरुवारी दिवसभर रंगीत तालीम, आणि दिव्यांना दुसरं माणूस नाही. दिग्दर्शकापुढे रडून पाहिलं. तो म्हणाला, मांजरासाठी? मी म्हटलं, मुकादमसाठी. त्याला वाटलं, आमचा कोणी नातेवाईक. मग जरा मऊ झाला, पण नाहीच म्हणाला.

डाव्या कानामागे खाजवा त्याला. माझ्याकडून. उजव्या नाही, उजव्याचा त्याला राग येतो.

ठमी


१ मार्च

ठमे,

डॉक्टर आला नाही.

मुकादम गेला. गुरुवारीच, दिवेलागणीला. पण डॉक्टर आला नाही.

सकाळी त्याला ओल्या फडक्याने पुसलं. उजेड डोळ्यांना टोचत होता त्याच्या, म्हणून पडदे ओढून घेतले. जेवलो नाही. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली आणि त्याला मांडीवर घेऊन बसलो. डाव्या कानामागे खाजवलं. तुझ्याकडून आहे असं सांगितलंही.

आता तुला एक सांगतो. आधी सांगायला हवं होतं, पण तू मला उचलून घेऊन गेली असतीस. फोन खरखरत नाही. मलाच ऐकू येत नाही. कारखान्यात असतानाच कमी झालं होतं, आता पार गेलं. समोरच्याचे ओठ दिसले की माझं भागतं. जे दिसत नाही ते मुकादम सांगायचा. बेल वाजली की त्याचे दोन्ही कान दाराकडे. फोन असला की एकच कान, तिरका. पाऊस असला की कान मागे. मी त्याच्या कानांकडे बघायचो आणि उठायचो. तुला वाटलं, बाबांचे कान तिखट. ते मुकादमचे होते.

तर मी बसलो होतो त्याच्या कानांकडे बघत. दुपारभर. पापणी लवली तर तेवढ्यात चुकेल म्हणून आळीपाळीने एकेक डोळा मिटत होतो. कान हलले नाहीत. एकदाही नाही. म्हणजे डॉक्टर बेलपर्यंत आलाच नाही. मुकादमने मला कधी खोटं सांगितलेलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा पहिला झटका आला. मग दुसरा. पाय ताठ, तोंडाला फेस. तो मला चावला ठमे, अंगठ्याला, त्याच अंगठ्याला. त्याला कळत नव्हतं ते मी आहे. मी ओरडत होतो बहुतेक, घसा अजून बसलेला आहे. मधे थोडा निवला की माझ्याकडे बघायचा आणि मी वाट बघायचो की आता दारावर कोणी येईल.

शेवटी मी पंजा वर केला. त्याच्या डोळ्यांसमोर. मला वाटलं, ही खूण तरी ओळखेल. उठेल, अंग झटकेल. किती वेळ हात वर धरून होतो.

थांबला मग.

त्या डॉक्टरला विचार, गुरुवार म्हणजे त्याच्याकडे कोणता वार असतो.

बाबा


५ मार्च
(हे पाठवलं नाही)

बाबा,

डॉक्टर आले होते.

तुमचं पत्र वाचून मी त्यांना फोन केला आणि जे तोंडात आलं ते बोलले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, मी आलो होतो." बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दार ठोठावलं, हाका मारल्या. मागे जाऊन खिडकीत डोकावले तर पडदे ओढलेले. घरच्या नंबरवर फोन केला आणि तो आत वाजताना त्यांना बाहेर ऐकू येत होता. वरची शिवणवाली घरी नव्हती. मग मला फोन केला. माझा बंद होता. मी खोपटात होते, त्या म्हाताऱ्याला मारत होते, हळू, अजून हळू. त्यांना वाटलं, तुमचं मन बदललं असेल, तुम्ही मुद्दामच उघडत नसाल. पुष्कळदा होतं म्हणाले असं, लोकांचा हात होत नाही. म्हणून ते पायरीवर बसून राहिले, बॅग मांडीवर घेऊन, आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेले. तुम्ही आत, ते बाहेर, मधे एक दार.

मी विचारलं, मग मुकादमने कान का नाही हलवले? त्यांना काही कळेना. मग मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारपणी मांजरांचेही कान जातात, ताई. घरच्यांच्या लक्षात येत नाही. घरचे मोठ्याने हाक मारतात आणि ते येतं, तोंड बघून." पातेलं आठवलं मला. पोस्टमनची चिठ्ठी आठवली. सगळं तुम्ही मला लिहिलं होतं, बाबा, ओळीने लिहिलं होतं, आणि मी हसले होते.

दोघं बसला होतात. तुम्ही त्याच्या कानांकडे बघत, आणि त्याच्या कानांत काहीच नाही. बेल वाजतेय.

हे मी तुम्हाला कसं सांगू?


५ मार्च

बाबा,

डॉक्टरांशी बोलले. त्यांची गाडी बंद पडली होती. मोठ्या पुलाच्या अलीकडे, जिथे टायरांचं दुकान आहे ना निळ्या पाटीचं, तिथे रेडिएटर फुटला. पांढरी वाफच वाफ. एक लाल टेम्पोवाला थांबला होता पण त्याच्याकडे दोर नव्हता, मग दुसरा आला तो उलट्या दिशेला जाणारा. त्यांचा फोनही चार्ज नव्हता, घाईत चार्जर दवाखान्यातल्या टेबलावर राहिलेला, पाणी प्यायच्या बाटलीशेजारी. फार वाईट वाटतंय त्यांना. त्यांना बोलू नका बाबा, माझ्यासाठी.

तुमच्या कानांबद्दल मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण समोर येऊन रागावणार आहे. शनिवारी निघते. थिएटरातून एक दिवा आणतेय. बेलच्या वायरीला जोडणार, खुर्चीच्या समोर. बेल वाजली की तो लागेल. पिवळा, डोळ्यांना न टोचणारा.

सलाईनच्या उरलेल्या बाटल्या मी येईपर्यंत हलवू नका. मला बघायच्यात.

ठमी


२ एप्रिल

ठमे,

तू गेल्यापासून दिवा उत्तम चालू आहे. घरात मुकादमचे केस अजून निघतायत. काल कोटाच्या खिशात निघाले. झटकले नाहीत.

दिव्याबद्दलच लिहायचंय. तो दिवसभर लागतो गं. दूधवाला, पोस्टमन, मीटरवाला, शिवणवाली तर सकाळ-संध्याकाळ. दार उघडलं की प्रत्येक जण म्हणतो, "अरे वा, आज उघडलंत!" आज म्हणजे? मी एकेकाला विचारलं. संक्रांतीपासून कोणालाच मी दार उघडलेलं नाही. सगळे येत होते. सगळे वाजवत होते.

म्हणजे मुकादम कधीपासूनच काही सांगत नव्हता. आणि मी त्याला साधू म्हणत होतो.

परवा दवाखान्यात गेलो. तू होतीस तेव्हा डॉक्टर रस्त्यात समोर आला आणि मी तुझं न ऐकता त्याला नाही नाही ते बोललो, तो मान खाली घालून उभा राहिला, आठवतं? त्याला म्हटलं, त्या दिवशी तुमच्या गाडीला काय झालं होतं? म्हणाला, "पंक्चर, काका." मी त्याचे ओठ बघत होतो. पंक्चरच म्हणाला. तुझा रेडिएटर फुटला होता. दोघांनी आधी ठरवून तरी घ्यायचं.

आणि तू, ठमे, लहानपणापासून खोटं बोलताना फार सजवतेस. बरणी फोडलीस तेव्हा एक करडं मांजर आलं होतं, पांढऱ्या पायांचं, जरा लंगडणारं. खरं असलं की तू एका शब्दात सांगतेस. लाल टेम्पो वाचला तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

डॉक्टरला मी पुढे काही विचारलं नाही. तो परका आहे, त्याने का म्हणून सांगावं. तू सांग. मी घरातलं माणूस आहे, माझ्याकडून काय झालं ते मला घरातल्याने सांगावं. नाहीतर मी या खुर्चीत बसून रोज नवीन दुपार रचत बसेन.

बेल वाजली होती का?

एवढंच लिही. टेम्पो नको.

बाबा


८ एप्रिल

बाबा,

हो. बराच वेळ.

शनिवारी दिवा लागेल, ती मी.

ठमी